दत्त की अपविद्ध? : चीनमधील दत्तकप्रवास आणि ‘सांस्कृतिक भेदां’चे वाचन (१९९२–२०२४)

१

सप्टेंबर २०२४ मध्ये चीनच्या परराष्ट्र मंत्रालयाने जाहीर केले की, यापुढे चिनी मुले परदेशी कुटुंबांना दत्तक दिली जाणार नाहीत. नात्यातील मुलांचा अपवाद तेवढा राहील. १९९२ पासून चाललेल्या एका व्यवस्थेचा हा शेवट होता. या बत्तीस वर्षांत एक लाख साठ हजारांहून अधिक मुले चीनमधून परदेशी घरांत गेली आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक अमेरिकेत गेली. त्यांत मुलींचे प्रमाण फार मोठे होते.

या स्थलांतराने एक लेखनप्रकारही घडविला. मूल आणण्यासाठी चीनला गेलेल्या आईवडिलांनी आपल्या प्रवासाची वर्णने लिहिली. कॅरिन एव्हान्स यांचे ‘द लॉस्ट डॉटर्स ऑफ चायना’ (२०००), एमिली प्रेगर यांचे ‘वुहू डायरी’ (२००१) आणि जेफ गॅमेज यांचे ‘चायना घोस्ट्स’ (२००७) ही त्यांतील ठळक पुस्तके होत. प्रवासवर्णनाच्या रूढ आकृतिबंधात प्रवासी जातो, पाहतो आणि परततो. येथे मात्र प्रवासी परततो तो त्या देशातील एक माणूस कायमचे बरोबर घेऊन. पाहिलेल्या देशाविषयी तो जे लिहितो, ते उद्या त्याच मुलीला तिचा इतिहास म्हणून वाचावयाचे असते. त्यामुळे या लेखनातील ‘तिकडचे लोक असे वागतात’ या साध्या विधानालाही वेगळे वजन प्राप्त होते.

प्रस्तुत निबंधात या प्रवाशांना जाणवलेल्या सांस्कृतिक भेदांचा विचार करावयाचा आहे. हे भेद दोन प्रकारचे होते. काही भेद त्यांनी रस्त्यावर, कचेरीत, हॉटेलात स्वतः पाहिले. एक मोठा भेद मात्र ते घरूनच बरोबर घेऊन आले होते. तो असा, की चिनी संस्कृतीला मुलगी नको असते. प्रत्यक्ष पाहिलेले भेद या आणलेल्या भेदाला पदोपदी खोडून काढीत होते. तरीही दोन्ही एकाच वर्णनात शेजारी शेजारी नांदत राहिले. असे का झाले, हा येथील प्रश्न आहे.

२

प्रथम थोडी पार्श्वभूमी. चीनमध्ये १९७९-८० पासून एक-अपत्य धोरण अमलात आले. ग्रामीण भागातील विरोध पाहून १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अनेक प्रांतांनी पहिली मुलगी असल्यास दुसऱ्या अपत्याची मुभा दिली. त्यापुढच्या जन्माला जबर दंड, सक्तीची नसबंदी किंवा नोकरीवर गंडांतर अशा शिक्षा होत्या. याच काळात शासकीय बालकल्याण संस्थांत सोडून दिलेल्या अर्भकांची संख्या वाढत गेली.

२९ डिसेंबर १९९१ रोजी संमत झालेला आणि १ एप्रिल १९९२ पासून लागू झालेला दत्तक कायदा या परिस्थितीत आला. त्याने परदेशी पालकांना रीतसर दार उघडले. परंतु देशातील पालकांसाठी ते बरेचसे लावून घेतले. दत्तक घेणारी व्यक्ती पस्तीस वर्षांवरील आणि निपुत्रिक असली पाहिजे, अशी सर्वसाधारण अट होती. तिच्यामागचा हेतू लोकसंख्या-नियंत्रणाचा होता: आपली मुलगी नातेवाइकांकडे दत्तक देऊन पुन्हा मुलासाठी प्रयत्न करण्याची पळवाट बंद करावयाची होती. १ एप्रिल १९९९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने वयाची अट तीसवर आणली आणि इतर अटीही काहीशा सैल केल्या. २००५ मध्ये अमेरिकेत गेलेल्या चिनी मुलांची वार्षिक संख्या सुमारे ७,९०० पर्यंत पोहोचली. तो उच्चांक ठरला.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. कोरियातून १९५० च्या दशकापासून हजारो मुले परदेशी गेली. त्यांतील बहुसंख्य मुलांना सोबत्याबरोबर विमानाने पाठविले जाई आणि पालक त्यांना आपल्याच गावच्या विमानतळावर प्रथम पाहत. चीनने मात्र पालकाने स्वतः येऊन नोंदणी करावी, असा नियम ठेवला. दहा-पंधरा दिवसांचा प्रवास हा या दत्तकविधानाचा अनिवार्य भाग झाला. चिनी दत्तकप्रवासाची वर्णने इतक्या संख्येने का लिहिली गेली, याचे एक साधे उत्तर या प्रशासकीय नियमात आहे.

३

प्रवासाचा मार्गही ठरलेला असे. अनेक कुटुंबांचा एक गट, बरोबर दुभाषा, प्रथम प्रांताची राजधानी. तेथील नागरी व्यवहार कचेरीत किंवा हॉटेलच्या दालनात संस्थेच्या दाया मुली घेऊन येत. नावे पुकारली जात आणि काही मिनिटांत मुली नव्या हातांत जात. बहुतेक लेखकांनी या प्रसंगाचे वर्णन करताना एकच विसंगती नोंदविली आहे: आयुष्यातील एवढी मोठी घटना आणि तिचे ठिकाण म्हणजे नळीदिव्यांची सरकारी खोली. त्यानंतर शिक्के, अंगठ्याचे ठसे, मुलीच्या पावलाचा लाल शाईतला ठसा आणि संस्थेला द्यावयाची देणगी. ही देणगी अनेक वर्षे तीन हजार डॉलर होती आणि ती बहुधा कोऱ्या करकरीत नोटांत बरोबर न्यावी लागे. बहुतेक प्रवासी या नोटांविषयी अवघडून लिहितात. या अवघडलेपणाकडे पुढे परत यावे लागेल.

अमेरिकी कुटुंबांचा शेवटचा मुक्काम ग्वांगचौ येथे, कारण मुलीचा व्हिसा तेथील अमेरिकी वकिलातीतून मिळे. २०१३ पर्यंत ही वकिलात शामियान बेटावर होती. तिच्या शेजारीच १९८३ मध्ये सुरू झालेले ‘व्हाइट स्वॉन’ हॉटेल होते. या हॉटेलच्या लाल कोचावर मुलींना ओळीने बसवून गटाचे छायाचित्र काढण्याची प्रथाच पडली. एका अमेरिकी खेळणी-कंपनीने येथे उतरणाऱ्या दत्तक-पालकांसाठी खास बाहुली बनविली होती: सोनेरी केसांची बाई आणि तिच्या कडेवर चिनी बाळ.

शामियानचा इतिहास या प्रवाशांच्या वर्णनांत बहुधा ‘जुनी युरोपीय वास्तुकला’ एवढ्यापुरताच येतो. खरे तर हे बेट दुसऱ्या अफूयुद्धाचे फलित आहे. ग्वांगचौतील परदेशी व्यापाऱ्यांच्या वखारी १८५६ मध्ये जळाल्यानंतर नदीकाठच्या वाळूच्या पट्ट्याभोवती कालवा खोदून हे बेट सिद्ध करण्यात आले आणि १८६१ मध्ये त्याचा चार-पंचमांश भाग ब्रिटिशांना, उरलेला फ्रेंचांना भाडेपट्ट्याने मिळाला. २३ जून १९२५ रोजी समोरच्या शाजी मार्गावरून निघालेल्या मोर्चावर याच बेटावरून गोळीबार झाला आणि पन्नासहून अधिक चिनी माणसे मृत्युमुखी पडली. मराठी वाचकाला ग्वांगचौचे जुने नाव, कँटन, परिचित आहे ते मुंबईच्या कापसाच्या आणि अफूच्या व्यापारामुळे. जमशेटजी जीजीभाई यांच्या चीनच्या सफरी याच बंदराच्या दिशेने झाल्या. ज्या पेठेत मुंबईचा माल उतरत होता, तिच्याच परिसरात दीडशे-दोनशे वर्षांनी या मुलींचे निर्गमन-कागद तयार होत होते. चीन आणि बाहेरचे जग यांच्यातील देवघेवीचे नियम कोण ठरवितो, हा प्रश्न या बेटाला नवा नव्हता.

४

आता प्रवाशांनी प्रत्यक्ष पाहिलेल्या भेदांकडे वळू. त्यांतील सर्वांत अधिक वेळा येणारा प्रसंग रस्त्यावरचा आहे. परदेशी जोडपे मुलीला घेऊन फिरावयास निघते. कोणी अनोळखी म्हातारी थांबते, मुलीच्या पायमोज्यांना हात लावते, उघडी पोटरी झाकते आणि चढ्या आवाजात काही सुनावते. दुभाषा हसत सांगतो: बाळाला थंडी वाजते आहे, कपडे कमी घातले आहेत. दिवस उन्हाळ्याचा असला तरी हे घडते. संस्थेतून आलेल्या मुलीच्या अंगावर चार-पाच थर कपडे असतात, हीदेखील नेहमीची नोंद आहे.

दुसरा भेद मधोमध उघड्या शिवणीच्या बालविजारीचा. चिनी बाळाला लंगोटात गुंडाळून ठेवण्याऐवजी अशी विजार घालतात आणि लहान वयातच, ओठांनी विशिष्ट आवाज काढून, त्याला लघवीची सवय लावतात. प्रवाशांना यात अस्वच्छता दिसते. क्वचित एखाद्याला शहाणपणही दिसते. तिसरा भेद नावांचा. एकाच संस्थेतून आलेल्या सर्व मुलींचे आडनाव एक असे; ते कधी गावाच्या नावावरून, तर कधी ‘राष्ट्र’ किंवा ‘पक्ष’ या अर्थाच्या अक्षरावरून दिलेले असे. चौथा भेद भेटवस्तूंचा: दोन्ही हातांनी द्याव्यात, पांढऱ्या कागदात गुंडाळू नयेत, चार हा आकडा टाळावा, इत्यादी.

हे भेद ‘चिनी’ म्हणून नोंदविले गेले. परंतु मराठी वाचक ती वर्णने वाचू लागला की काहीतरी वेगळेच घडते. बाळाला टोपरे का घातले नाही, कुंची कुठे आहे, कान का झाकले नाहीत, असे रस्त्यात थांबवून विचारणारी बाई त्याला पूर्ण ओळखीची असते. बाळाला धरून ‘शू… शू…’ करणारी आजीही ओळखीची असते. बाळंतिणीला महिनाभर वाऱ्यापासून जपण्याची चिनी रीत आणि आपला सव्वा महिना यांत फारसे अंतर नाही. म्हणजे या प्रसंगात विशेष ‘चिनी’ असे काही नाही. लहान मूल ही केवळ त्याच्या आईबापांची बाब नसून वाटेवरच्या कोणाही वडीलधाऱ्या बाईला त्याच्याविषयी बोलण्याचा अधिकार आहे, ही समजूत आशियाच्या मोठ्या भागात प्रचलित आहे. तुलनाकाराने येथे सावध व्हावयास हवे: दोन टोकांतील भेद मोजताना तिसरा बिंदू हाती नसेल, तर कोणते टोक अपवादात्मक आहे हे कळत नाही.

यापेक्षाही महत्त्वाची बाब अशी, की ही म्हातारी मुलीसाठी ओरडत असते. अनोळखी, परक्यांच्या हाती चाललेल्या, आईबापांचा पत्ता नसलेल्या मुलीचे पाय गार पडू नयेत यासाठी ती भांडते. मुलीला किंमत नसलेल्या समाजातील म्हातारी असे का करील? हा प्रश्न वर्णनांत क्वचितच विचारला जातो. प्रसंग विनोद म्हणून सांगितला जातो आणि पुढच्याच पानावर चीनमधील मुलींच्या नकोसेपणाची, हजारो वर्षांच्या परंपरेची चर्चा सुरू होते.

५

हा प्रश्न चिकाटीने विचारला तो के ॲन जॉन्सन यांनी. चीनच्या ग्रामीण समाजाच्या अभ्यासक असलेल्या जॉन्सन यांनी १९९१ मध्ये स्वतः वुहान येथून मुलगी दत्तक घेतली होती. त्यानंतर त्यांनी चिनी सहकाऱ्यांसह मूल सोडून देणाऱ्या आणि सापडलेले मूल घरात घेणाऱ्या शेकडो कुटुंबांचा अभ्यास केला. त्यांची ‘वाँटिंग अ डॉटर, नीडिंग अ सन’ (२००४) आणि ‘चायनाज हिडन चिल्ड्रन’ (२०१६) ही पुस्तके या अभ्यासातून आली.

त्यांचे निष्कर्ष स्थूलमानाने असे. सोडलेल्या मुली बहुधा पहिल्या नव्हत्या. घरात एक किंवा दोन मुली असताना आणि मुलगा नसताना जन्मलेल्या होत्या. मुलाची निकड खरी होती. म्हातारपणाचा आधार तोच मानला जाई. परंतु मुलीची इच्छाही तितकीच खरी होती. पुत्र आणि कन्या दोन्ही असतील तरच घर पूर्ण, अशी लोकधारणा होती. उंबऱ्यावर ठेवलेली मुलगी उचलून घेणारी, मुलगे असलेली कुटुंबे गावोगाव होती. अशा घरगुती स्वीकाराला चिनी भाषेत ‘बाओयांग’ म्हणतात. त्यातील पहिल्या अक्षराचा अर्थ उराशी धरणे, दुसऱ्याचा पोसणे. १९९१ च्या कायद्याने नेमक्या याच कुटुंबांना अपात्र ठरविले. त्यांनी मूल ठेवलेच तर दंड, शिवाय त्या मुलीची कुटुंबनोंद नाही. आणि नोंद नाही म्हणजे शाळा व इतर सोयींच्या वाटेवर अडथळे.

याचा अर्थ, मुलीला घर न मिळण्याचे कारण संस्कृती हे एकच नव्हते. घर द्यावयास तयार असलेल्या शेजाऱ्याला शासन अडवीत होते आणि दूरदेशीच्या जोडप्याला बोलावीत होते. प्रवासी ज्याला परंपरा समजत होता, त्याचा मोठा भाग दहा-बारा वर्षांपूर्वी लिहिलेला कायदा होता. ही गल्लत केवळ अज्ञानाची नव्हती, तिची एक उपयुक्तताही होती. दोष प्राचीन परंपरेचा असेल, तर आपण मुलीला तिच्यातून सोडविले असे म्हणता येते. दोष चालू धोरणाचा असेल, तर त्या धोरणाच्या व्यवस्थेत आपणही एक घटक ठरतो. चांगल्या, संवेदनशील लेखकांनाही ही दुसरी शक्यता सोसणे कठीण होते आणि ते समजण्यासारखे आहे.

६

आपल्या परंपरेतील एक परिभाषा येथे उपयोगी पडते. ‘दत्तक’ हा शब्द आपण सर्रास वापरतो. परंतु त्याचा धातू ‘दा’ आहे. देणारा असल्याशिवाय दत्तक नाही. मराठी इतिहासस्मृतीत दत्तक म्हणजे ओळखीच्या घरातून, साक्षीदारांसमक्ष दिलेला मुलगा: झाशीचे दामोदरराव १८५३ मध्ये असे घेतले गेले, नाशिककडच्या कवळाणे गावचा मुलगा १८७५ मध्ये बडोद्याचा सयाजीराव झाला. चिनी कायद्यातील ‘शोउयांग’ या शब्दात मात्र ‘स्वीकारणे आणि पोसणे’ एवढेच आहे. देणाऱ्याचा उल्लेख नाही.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत. त्यांत ‘दत्त’ आहे, ‘क्रीत’ म्हणजे विकत घेतलेला आहे, आणि ‘अपविद्ध’ही आहे: आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून घेतलेला. पुढे धर्मशास्त्रकारांनी कलियुगात औरस आणि दत्त एवढेच प्रकार ग्राह्य धरले आणि बाकीची भेदक परिभाषा व्यवहारातून गळाली. ही परिभाषा पुत्राची आहे. कन्येला तिच्यात स्थान नव्हते, हेही नोंदविले पाहिजे. तरीही मूल कोणत्या मार्गाने आले हे वेगळे सांगण्याची गरज तिने ओळखली होती.

चिनी दत्तकाची कागदपत्रे या दृष्टीने पाहावीत. मूल सोडणे हा गुन्हा असल्यामुळे आईवडिलांनी दिल्याचा कागद निघणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून फाइलीत असे ते परित्यागाचे प्रमाणपत्र: अमुक दिवशी, अमुक फाटकाशी किंवा बाजारात अर्भक सापडले, शोध घेऊनही पालक मिळाले नाहीत. थोडक्यात, प्रत्येक मुलगी कागदावर अपविद्ध होती. प्रवासी पालकांनी त्या फाटकाची छायाचित्रे काढली, तेथली माती बरोबर नेली, त्या जागेभोवती कथा रचल्या. देणारी आई भेटणार नव्हती; म्हणून ठिकाणाला आणि संस्कृतीला तिच्या जागी उभे करण्यात आले. म्हातारीचे ओरडणे, कपड्यांचे थर, उघडी विजार यांची इतकी बारकाईने नोंद होण्याचे हे कारण असावे. ज्या घरात मुलगी जन्मली त्याविषयी काहीच माहीत नसेल, तर संपूर्ण देशच तिचे घर म्हणून पाहावा लागतो.

पुढे हा कागदही डळमळला. २००५ मध्ये हूनान प्रांतातील हंगयांग येथील प्रकरण उघडकीस आले: मुले मिळवून संस्थांना विकणारी साखळी तेथे चालत होती आणि २००६ मध्ये त्याबद्दल शिक्षा झाल्या. २०११ मध्ये चिनी नियतकालिक ‘त्साइशिन’ने त्याच प्रांतातील शाओयांग भागात कुटुंबनियोजन अधिकाऱ्यांनी दंड न भरणाऱ्या घरांतून मुले उचलून संस्थेत नेल्याचे वृत्त दिले. २०१९ चा ‘वन चाइल्ड नेशन’ हा माहितीपट आणि बार्बरा डेमिक यांचे ‘डॉटर्स ऑफ द बांबू ग्रोव्ह’ (२०२५) हे पुस्तक या घटनांचा माग घेतात. म्हणजे कागदावर अपविद्ध असलेल्यांपैकी काही प्रत्यक्षात क्रीत होत्या; आणि काही तर हृत, म्हणजे हिरावलेल्या. या शेवटच्या प्रकाराला शास्त्रकारांनी बारांत स्थान दिले नव्हते. कोऱ्या नोटांविषयीचे प्रवाशांचे अवघडलेपण निराधार नव्हते, असे आता मागे वळून म्हणता येते. त्यांच्या जाणिवेने जे हेरले, त्याला त्यांनी ‘चिनी व्यवहाराची रीत’ असे नाव देऊन बाजूला ठेवले.

७

अशी प्रकरणे किती, आणि खरोखर सोडलेल्या मुली किती, याचा हिशेब येथे मांडावयाचा नाही. सर्वच दत्तके संशयास्पद ठरविणे हाही त्या मुलींवर अन्यायच होईल. हजारो घरांत त्यांना मिळालेले प्रेम खरे आहे. मुद्दा वाचनाचा आहे. ज्या मुलींना कडेवर घेऊन ही वर्णने लिहिली गेली, त्या आता तिशीच्या आसपास आहेत. ‘समव्हेअर बिटवीन’ (२०११) आणि ‘फाउंड’ (२०२१) या माहितीपटांत त्यांच्यापैकी काहीजणी उलट दिशेने प्रवास करताना दिसतात. जनुकीय चाचण्यांमुळे कोणाला बहीण सापडते, कोणाला आई. काही आया सांगतात की त्यांनी मुलीला शेवटपर्यंत लपविले होते, अनेक वर्षे शोधले होते. ‘संस्कृतीने तुला टाकले’ हे वाक्य जिने बालपणी ऐकले, तिच्यासाठी हा साहित्यप्रकाराच्या व्याख्येचा प्रश्न राहत नाही.

भारतीय अभ्यासकाला हा विषय दूरचा मानता येणार नाही. आपल्या देशातूनही मुले परदेशी गेली; महाराष्ट्रातील संस्थांतूनही गेली. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे खटल्यात आंतरदेशीय दत्तकासाठी निकष घालून दिले, ते अशा व्यवहारांतील गैरप्रकारांच्या तक्रारीवरूनच. ती मुले नेण्यासाठी आलेल्या परदेशी पालकांनीही आपल्याविषयी लिहिले असेल: पाळण्यावरची तीट, मनगटातले काळे मणी, कुंची, न विचारता सल्ला देणाऱ्या बायका. त्या लेखनातही कुठेतरी ‘भारतीय संस्कृतीला मुलगी नको असते’ असे वाक्य येत असेल, आणि आपल्या समाजाचा दोष लपविण्यासाठी त्याचा प्रतिवाद करणे योग्य होणार नाही. मात्र त्या वाक्याला चीनच्या बाबतीत विचारले तेच प्रश्न विचारले पाहिजेत. यातले किती परंपरेचे आणि किती कायद्याचे, दारिद्र्याचे, दवाखान्याच्या किंवा कचेरीच्या दाराचे? मूल दिले गेले, सापडले, की घेतले गेले? हे वेगळे सांगणारे शब्द आपल्या भाषेत होते. ते पुन्हा वापरात आणले, तर निदान मुलीला तिची हकीकत सांगताना चुकीचा शब्द वापरला जाणार नाही.